प्रकाशसंवेदकांचे अंशशोधन आणि महाविद्यालयीन संशोधन : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : प्रकाशसंवेदक, अंशशोधन, लक्स, पायरॅनोमीटर, वर्णपटीय प्रतिसाद, अनिश्चितता

प्रस्तावना

प्रकाशाचे मापन हा विषय महाविद्यालयात आता केवळ भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. शेडनेटखालील रोपांच्या वाढीचा अभ्यास करणारे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, सौरशुष्कक तयार करणारे ऊर्जाविषयक प्रकल्पगट, स्थानिक हवामानाच्या नोंदी ठेवणारे भूगोलाचे अभ्यासक आणि वाचनकक्षातील उजेडाची पाहणी करणारे ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी या सर्वांना प्रकाशसंवेदकाची गरज पडते. संवेदक स्वस्त झाले आहेत, त्यांना जोडावयाचे परिपथ सोपे झाले आहेत आणि मोबाइल संचातील संवेदकही लक्समधील आकडा दाखवू लागला आहे. या सुलभतेमुळे मापनाची संख्या वाढली. परंतु मापनाविषयीची चिकित्सा त्या प्रमाणात वाढली, असे म्हणता येत नाही.

अंशशोधन, म्हणजे प्रयोगशाळेच्या रोजच्या बोलीतील कॅलिब्रेशन, याविषयी प्रकल्प-अहवालात बहुधा एकच वाक्य आढळते : उपकरण अंशशोधित होते. हे वाक्य वाचकाला आश्वस्त करते, परंतु माहिती काहीच देत नाही. उपकरण कोणत्या प्रकाशात, कोणत्या प्रमाणाशी ताडून, कोणत्या वाचनयंत्रासह आणि कधी अंशशोधित केले, हे कळल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. अंशशोधनाचा गुणक हा संवेदकाच्या अंगी कायमचा चिकटलेला गुणधर्म आहे, या समजुतीची तपासणी करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. हा गुणक संवेदक, प्रकाश आणि वाचनयंत्र या तिहींच्या एका विशिष्ट जुळणीला लागू असतो. त्यांपैकी एक घटक बदलला की गुणक पुन्हा तपासावा लागतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. लक्स : डोळ्यासाठी घडवलेले परिमाण

लक्समीटरची लोकप्रियता मोठी आहे. तो हाताळण्यास सोपा आणि किमतीने आवाक्यातला असतो. मात्र लक्स हे प्रकाशाच्या ऊर्जेचे परिमाण नाही, ही मूलभूत गोष्ट अनेकदा दुर्लक्षित होते. मानवी डोळा सर्व तरंगलांबींना सारखा प्रतिसाद देत नाही. उजेडाला सरावलेल्या डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या-पिवळ्या भागात, सर्वाधिक असते आणि निळ्या व तांबड्या टोकांकडे ती झपाट्याने उतरते. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९२४ मध्ये या प्रतिसादाचा प्रमाण वक्र स्वीकारला. १९७९ मध्ये कँडेला या एककाची व्याख्या ५४० × १०^१२ हर्ट्झ वारंवारतेच्या प्रारणाशी व दर वॅटला ६८३ ल्यूमेन या मूल्याशी जोडण्यात आली. २०१९ च्या फेररचनेतही हेच मूल्य स्थिरांक म्हणून कायम राहिले.

तात्पर्य, लक्स हे परिमाण मानवी दृष्टीला मध्यवर्ती ठेवून घडवलेले आहे. वाचनकक्ष, वर्गखोली, रस्ता किंवा कारखान्यातील कामाची जागा यांच्यासाठी ते सर्वथा योग्य आहे. ग्रंथालयातील उजेड पुरेसा आहे की नाही, हे तेथे बसून वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरच ठरते. हेच परिमाण वनस्पतीला किंवा सौरपट्टीला लावले, तर मात्र अडचण उद्भवते. कारण पानाला वा सिलिकॉनला डोळ्याच्या वक्राशी काही कर्तव्य नसते.

प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाशकणांची संख्या मोजण्याची पद्धत रूढ आहे. के. जे. मॅक्री यांनी १९७२ मध्ये २२ पीकवनस्पतींवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा या पद्धतीला मोठा आधार मिळाला. तिचे एकक दर चौरस मीटरला दर सेकंदाला मायक्रोमोल असे आहे. पुढील विवेचनात त्यासाठी केवळ 'मायक्रोमोल' हा शब्द वापरला आहे.

आता एक साधे गणित पाहावे. ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाचे १०० मायक्रोमोल पानावर पडत असतील, तर त्यांची ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे १८ वॅट भरते. या तरंगलांबीला डोळ्याचा सापेक्ष प्रतिसाद सुमारे ०.०६१ आहे. त्यामुळे आदर्श लक्समीटर तेथे जेमतेम ७५० लक्स दाखवील. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचे तेवढेच १०० मायक्रोमोल सुमारे ६९० लक्स दाखवतील. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाचे १०० मायक्रोमोल मात्र सुमारे १४,७०० लक्स दाखवतील. प्रकाशकणांची संख्या तिन्ही वेळी एकच आहे. वाचनात मात्र सुमारे वीस पटींचा फरक आहे. तांबड्या-निळ्या एलईडी दिव्यांखाली रोपे वाढवून लक्समीटरने नोंदी घेणाऱ्या अभ्यासकाला आपली रोपे अंधारात वाढली, असा निष्कर्ष काढावा लागेल. हा दोष उपकरणातील बिघाडाचा नाही. आदर्श आणि नुकतेच अंशशोधित केलेले लक्समीटरही हेच आकडे दाखवील.

२. रूपांतर-गुणकाची मर्यादा

यावर उपाय म्हणून लक्सचे मायक्रोमोलमध्ये रूपांतर करण्याचे गुणक वापरले जातात. सूर्यप्रकाशासाठी दर मायक्रोमोलला ५४ लक्स हा गुणक प्रचलित आहे. पांढऱ्या फ्लुओरेसंट नळीसाठी तो ७४ आणि उच्चदाब सोडियम दिव्यासाठी ८२ असा घेतला जातो. गुणक प्रकाशागणिक वेगळा का, या प्रश्नाचे उत्तर वरील गणितातच आहे. वर्णपट बदलला की गुणक बदलतो.

तथापि सूर्यप्रकाशाचा ५४ हा गुणक घेऊन शेडनेटखालील, पिकाच्या सावलीतील किंवा एलईडी दिव्याखालील लक्सची वाचने रूपांतरित करण्याची चूक सहज घडते. हिरव्या शेडनेटमधून येणारा प्रकाश उघड्या आकाशातील प्रकाशासारखा नसतो. पानांच्या छत्राखाली पोहोचणारा प्रकाश तर आणखी वेगळा असतो. कारण पाने निळा व तांबडा प्रकाश शोषून घेतात, हिरवा काही अंशी आणि निकट-अवरक्त पुष्कळ प्रमाणात पुढे जाऊ देतात. वेगवेगळ्या रंगांच्या शेडनेटची तुलना हाच अभ्यासाचा विषय असेल, तर एकच गुणक सर्वांना लावणे म्हणजे जे तपासावयाचे तेच आधी गृहीत धरणे होय. अशा अभ्यासातून शेतकऱ्याला अमुक रंगाची जाळी चांगली, असा सल्ला दिला जातो, तेव्हा ही त्रुटी प्रयोगवहीपुरती राहत नाही.

सौरऊर्जेच्या बाबतीतही हीच स्थिती आहे. सूर्यप्रारणाच्या ऊर्जेचा जवळपास निम्मा भाग ७०० नॅनोमीटरच्या पलीकडे असतो आणि तेथे लक्समीटर आंधळा असतो. स्वच्छ दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स व दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ही जोडी ढोबळमानाने जुळते. ढग, धूलिकण आणि बाष्प यांच्यानुसार मात्र ती सैल होते. सौरशुष्ककाची कार्यक्षमता काढताना आपाती ऊर्जा छेदस्थानी येते. ती १० टक्क्यांनी कमी मोजली गेली, तर प्रत्यक्षात ४० टक्के असलेली कार्यक्षमता ४४ टक्के भासते. प्रकल्पाचे यश म्हणून जे मांडले जाते, ते अशा वेळी निव्वळ मापनदोषाचे फलित असू शकते.

३. संवेदकांचे स्वभाव

सौरप्रारणाच्या मापनासाठी प्रमाण मानला जाणारा संवेदक म्हणजे थर्मोपाइल पायरॅनोमीटर. काळ्या लेपाच्या पृष्ठभागावर प्रारण पडले की तो तापतो. त्याच्या व उपकरणाच्या थंड भागाच्या तापमानातील फरकामुळे तापविद्युत् युग्मांच्या मालिकेत सूक्ष्म विद्युत्दाब निर्माण होतो. काळा लेप जवळपास सर्व तरंगलांबींना सारखाच शोषतो. काचेच्या घुमटातून जे आत येते त्या मर्यादेत, म्हणजे साधारणतः ३०० ते ३००० नॅनोमीटरपर्यंत, या उपकरणाचा प्रतिसाद सपाट असतो. म्हणूनच सूर्याची उंची वा आकाशाची स्थिती बदलली तरी त्याचा गुणक फारसा ढळत नाही.

सिलिकॉन फोटोडायोडवर आधारित पायरॅनोमीटर पुष्कळ स्वस्त व शीघ्र प्रतिसादाचे असते. परंतु सिलिकॉनला सुमारे ११०० नॅनोमीटरच्या पलीकडचे प्रारण जाणवत नाही आणि अलीकडच्या भागातही त्याचा प्रतिसाद सपाट नसतो. तो निकट-अवरक्ताकडे वाढत जातो. उघड्या उन्हात थर्मोपाइलशी ताडून त्याला दिलेला गुणक उघड्या उन्हापुरता समाधानकारक ठरतो. तेच उपकरण पिकाच्या छत्राखाली ठेवले, तर निकट-अवरक्ताचे प्रमाण वाढलेले असल्याने ते वास्तवापेक्षा अधिक वाचन देते. अंशशोधनाचे प्रमाणपत्र खरे असूनही मापन चुकीचे ठरण्याचे हे ठळक उदाहरण आहे.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात सर्वांत अधिक आढळणारा एलडीआर, म्हणजे प्रकाशावलंबी रोधक, याची तर गोष्टच निराळी आहे. कॅडमियम सल्फाइडच्या या रोधकाचा रोध प्रकाशाबरोबर घातीय नियमाने उतरतो, सरळ रेषेत नव्हे. त्यात पूर्वस्मृतीचा दोषही असतो. काही काळ अंधारात ठेवलेला आणि काही काळ उन्हात ठेवलेला एकच रोधक त्याच प्रकाशात वेगवेगळी वाचने देऊ शकतो. दिवा लावावा की विझवावा, एवढे ठरवण्यासाठी तो उत्तम आहे. त्याच्यावरून दिवसभराच्या प्रकाशाचा आलेख काढून त्याला मापन म्हणणे समर्थनीय नाही.

याशिवाय दिशेचा प्रश्न प्रत्येक संवेदकाला लागू आहे. आडव्या पृष्ठभागावर तिरपा येणारा प्रकाश कोसाइन नियमाने कमी मोजला गेला पाहिजे; लंबापासून ६० अंश कललेल्या किरणाचे वाचन बरोबर निम्मे आले पाहिजे. सपाट काचेच्या संवेदकात तिरप्या किरणांचे परावर्तन वाढते व वाचन निम्म्याहून कमी येते. त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या नोंदी आणि हिवाळ्यातील कलत्या उन्हाच्या नोंदी पद्धतशीरपणे घटतात. ही घट यादृच्छिक नसल्यामुळे कितीही वाचनांची सरासरी घेतली तरी ती नाहीशी होत नाही.

४. वाचनयंत्र : दुर्लक्षित भागीदार

संवेदकाची चर्चा होते, परंतु त्याला जोडलेल्या मापकाची क्वचितच होते. थर्मोपाइल पायरॅनोमीटरची संवेदनशीलता दर चौरस मीटरला एका वॅटमागे १० मायक्रोव्होल्ट आहे असे समजू. म्हणजे १००० वॅटच्या भर उन्हात त्यातून केवळ १० मिलिव्होल्ट मिळतील. साडेतीन अंकी मल्टिमीटरच्या २०० मिलिव्होल्टच्या पल्ल्यावर लहानात लहान पायरी ०.१ मिलिव्होल्टची असते. ती १० वॅटशी तुल्य आहे. ढगाळ दिवशी प्रारण १०० वॅट असेल, तर एकेक पायरी १० टक्क्यांची झाली.

आर्डुइनो मंडलावर हीच जोडणी थेट केली, तर परिणाम अधिक विचित्र होतो. १० बिटांचा परिवर्तक ० ते ५ व्होल्टची १०२४ भागांत विभागणी करतो. प्रत्येक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा. भर दुपारचे ऊन त्यात अवघ्या दोन पायऱ्यांएवढे नोंदले जाईल. प्रवर्धक किंवा अधिक बिटांचा परिवर्तक यांशिवाय असा आलेख काढणे निरर्थक आहे आणि प्रवर्धक जोडला की त्याच्या शून्य-सरकण्याचे व तापमानावलंबनाचे अंशशोधनही आवश्यक ठरते.

सौरघटाचा संवेदक म्हणून वापर करताना अशीच गल्लत होते. खुल्या परिपथातील विद्युत्दाब प्रकाशाबरोबर लघुगणकीय रीतीने वाढतो. आदर्श घटात सामान्य तापमानाला प्रकाश दुप्पट झाला तरी दाब सुमारे १८ मिलिव्होल्टनेच वाढतो. शिवाय घट तापला की तो घसरतो. याउलट लघुपरिपथ प्रवाह प्रकाशाच्या समप्रमाणात असतो. म्हणून अल्प रोधातून प्रवाह मोजणे हा योग्य मार्ग होय. घट तोच, प्रकाशही तोच. केवळ मापक कसा जोडला, यावर मापन ग्राह्य की अग्राह्य हे ठरते.

अंकीय संवेदकांनी ही काळजी मिटवली, असा समज आहे. बीएच १७५० हा प्रकल्पांमध्ये वारंवार वापरला जाणारा संवेदक थेट लक्समध्ये उत्तर देतो. त्याच्या मूळ मांडणीत तो सुमारे ६५ हजार लक्सपर्यंतच मोजतो. भर उन्हातील प्रकाश त्याहून अधिक असतो. मर्यादा गाठली की आकडा तेथेच अडकून राहतो. दुपारच्या आलेखाचा माथा सपाट दिसला, तर प्रकाश स्थिर होता असा अर्थ काढण्यापूर्वी संवेदक तुडुंब भरला नव्हता ना, हे पाहावयास हवे.

५. प्रमाणाची साखळी : दावोस ते पुणे

कोणतेही अंशशोधन म्हणजे एका उपकरणाची दुसऱ्या, अधिक विश्वसनीय उपकरणाशी तुलना होय. मग त्या दुसऱ्याचे प्रमाण कोणते? सौरप्रारणासाठी या साखळीचे मूळ स्वित्झर्लंडमधील दावोस येथील जागतिक प्रारण केंद्रात आहे. तेथील पोकळी-रेडिओमीटरांच्या गटाने जागतिक रेडिओमितीय संदर्भमूल्य सांभाळले आहे. या उपकरणांत काळ्या पोकळीत सूर्यप्रकाश घेऊन होणारी तापवाढ मोजतात. नंतर झडप बंद करून विजेने तेवढीच तापवाढ घडवतात आणि विजेच्या ज्ञात शक्तीवरून प्रकाशाची शक्ती ठरवतात. साधारणतः दर पाच वर्षांनी विविध देशांची उपकरणे तेथे आणून सूर्याखाली शेजारी-शेजारी ताडली जातात.

या साखळीत महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे पुणे येथील केंद्र हे जागतिक हवामान संघटनेच्या आशियाई विभागातील प्रादेशिक प्रारण केंद्रांपैकी एक आहे. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षाच्या निमित्ताने देशात सौरप्रारण मापनकेंद्रांचे जाळे उभे राहिले. त्यामागे अॅना मणी (१९१८-२००१) यांचे परिश्रम होते. लंडनमध्ये हवामान-उपकरणांचे शिक्षण घेऊन १९४८ मध्ये त्या पुण्यात रुजू झाल्या. उपकरणे देशात बनवणे आणि ती एकमेकांशी व प्रमाणाशी ताडणे ही दोन कामे त्यांनी एकत्र चालवली. १९८० व १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे भारतातील सौरप्रारणविषयक दोन ग्रंथ सौरऊर्जेच्या अभियंत्यांना दीर्घकाळ आधारभूत ठरले. आकड्यांच्या मागे ताडून पाहिलेली उपकरणे होती, म्हणूनच त्या कोष्टकांवर विसंबता आले.

प्रमाणे मात्र स्वतःही बदलतात. १९५६ चे आंतरराष्ट्रीय पायरहेलिओमितीय प्रमाण जाऊन १९८० च्या सुमारास उपरोक्त जागतिक संदर्भमूल्य आले. नव्या प्रमाणानुसार तेच प्रारण २.२ टक्के अधिक भरते. जुन्या व नव्या नोंदी त्या कोणत्या प्रमाणावर आहेत हे न तपासता जोडल्या, तर सूर्यप्रारण वाढल्याचा आभास निर्माण होईल. दीर्घकालीन प्रवृत्तींचा अभ्यास करणाऱ्या भूगोल व पर्यावरणशास्त्राच्या संशोधकांनी या बाबीची दखल घेणे अगत्याचे आहे.

६. एकमत म्हणजे अचूकता नव्हे

उपकरणे एकमेकांशी जुळली म्हणजे ती सत्याशी जुळली, असे मानण्याचा मोह होतो. या मोहाचे सर्वांत बोलके उदाहरण सौरस्थिरांकाच्या इतिहासात आहे. १९७८ पासून उपग्रहांवरून सूर्याची एकूण प्रारणशक्ती सलग मोजली जात आहे. १९९० च्या दशकाअखेर प्रचलित उपकरणे दर चौरस मीटरला सुमारे १३६५ ते १३६६ वॅट दाखवत होती. जानेवारी २००३ मध्ये सोडलेल्या सॉर्स उपग्रहावरील टिम या उपकरणाने मात्र सुमारे १३६१ वॅट हे मूल्य दिले. फरक साधारण ०.३५ टक्क्यांचा होता. अकरा वर्षांच्या सौरचक्रात होणारा बदल ०.१ टक्क्याच्या आसपास असतो, हे लक्षात घेता हा फरक किरकोळ नव्हता.

पुढे कोलोरॅडोतील बोल्डर येथे जमिनीवरील चाचण्यांतून कारण उमगले. जुन्या रचनांत क्षेत्रफळ निश्चित करणारे अचूक छिद्र आत, पोकळीजवळ होते. पुढचे रुंद छिद्र गरजेपेक्षा अधिक प्रकाश आत घेत होते आणि त्यातील काही प्रकाश विखुरला जाऊन पोकळीत शिरत होता. टिममध्ये अचूक छिद्र अगदी पुढे होते. भटक्या प्रकाशाचा हा परिणाम सिद्ध झाल्यावर कमी मूल्य स्वीकारले गेले. २०११ मध्ये १३६०.८ वॅट हे मूल्य प्रसिद्ध झाले आणि २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने १३६१ हे नाममात्र मूल्य ठरवले.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. जुन्या उपकरणांनी सौरचक्रातील चढउतार योग्य टिपले होते; म्हणजे स्थिर उपकरणाचे सापेक्ष मापन निरपेक्ष मूल्य चुकूनही उपयुक्त असू शकते. परंतु समान रचनेच्या उपकरणांत समान दोष असेल, तर त्यांचे एकमत तो दोष झाकून टाकते. एकाच बनावटीचे चार संवेदक शेजारी ठेवून ते जुळतात म्हणून अंशशोधन झाले, असे लिहिणाऱ्या अहवालाला हा इतिहास थेट लागू पडतो.

७. आक्षेपांचा विचार

यावर एक वाजवी आक्षेप घेता येईल. महाविद्यालयाच्या मर्यादित निधीत उच्च दर्जाचे पायरॅनोमीटर परवडत नाही आणि अनेक अभ्यासांना सापेक्ष तुलनाच पुरेशी असते. हा आक्षेप अंशतः मान्य करावयास हवा. प्रकाशाचा वर्णपट बदलत नसेल, संवेदक रेषीय असेल आणि तुलना एकाच जागी, एकाच कोनात होत असेल, तर साधा फोटोडायोडही विश्वसनीय साधन ठरतो. मात्र या अटी पाळल्या गेल्या, हे दाखवण्याची जबाबदारी अभ्यासकाची आहे. तसेच सापेक्ष मापनाला लक्स वा वॅटचा मुलामा देऊन ते इतरांच्या आकड्यांशी ताडण्याचा अधिकार उरत नाही. स्वस्त उपकरण वापरण्यात गैर काही नाही. त्याच्याकडून जे निघू शकत नाही ते निघाले असे सांगणे गैर आहे.

दुसरा आक्षेप असा की, अंशशोधन हे उत्पादकाचे काम आहे. उत्पादकाने दिलेला गुणक आरंभबिंदू म्हणून ग्राह्य आहे. पण लेप उन्हाने फिकट होतो, घुमटावर धूळ बसते, पातळी ढळते. क्षेत्रीय पायरॅनोमीटरचे एक-दोन वर्षांनी पुन्हा अंशशोधन करण्याची शिफारस त्यामुळेच केली जाते.

८. महाविद्यालयाला शक्य असलेल्या तपासण्या

पुढील तपासण्यांना फारसा खर्च लागत नाही. परिसरातील काही महाविद्यालयांनी मिळून एक अंशशोधित थर्मोपाइल पायरॅनोमीटर संदर्भ म्हणून राखावे. त्याच्याशेजारी, त्याच पातळीवर, मोकळ्या गच्चीवर क्षेत्रीय संवेदक अनेक दिवस ठेवून दोहोंच्या वाचनांचे गुणोत्तर काढावे. आयएसओ ९८४७ हे प्रमाण याच पद्धतीचे आहे. गुणोत्तर सकाळी, दुपारी व संध्याकाळी वेगळे येत असेल, तर केवळ सरासरी न छापता तो फरकही नोंदवावा. कारण त्यातच संवेदकाचा कोनीय दोष दडलेला असतो.

रात्रीची वाचनेही जपावीत. थर्मोपाइलचा घुमट रात्री मोकळ्या आकाशाकडे उष्णता गमावतो आणि उपकरण काही वॅटचे ऋण वाचन देते. ऋण आकडे चुकीचे समजून पुसून टाकण्याचा मोह टाळावा. ते शून्य-विचलनाची मोफत मिळालेली माहिती आहेत.

रेषीयता तपासण्यास व्यस्त वर्गाचा नियम पुरेसा आहे. काळ्या पडद्यांच्या खोलीत लहान दिवा घेऊन, त्याच्या सर्वांत मोठ्या मापाच्या किमान पाचपट अंतरावर संवेदक ठेवावा. अंतर दुप्पट करताच वाचन चतुर्थांश झाले पाहिजे. न झाल्यास भटका प्रकाश, संवेदकाची अरेषीयता किंवा अंतर तारेपासून न मोजता दिव्याच्या आवरणापासून मोजणे, यांपैकी काय घडले ते शोधावे. पदव्युत्तर प्रात्यक्षिकात नियम सिद्ध करण्याऐवजी ज्ञात नियमाने उपकरण तपासणे, अशी या प्रयोगाची उलट मांडणी अधिक फलदायी होईल.

समारोप

प्रकाशसंवेदकाच्या वाचनावर आधारित कोणत्याही शोधनिबंधात किमान पाच बाबी नमूद असाव्यात : संवेदकाचा प्रकार व त्याचा वर्णपटीय पल्ला, अंशशोधन कोणत्या संदर्भाशी व कोणत्या तारखेला झाले, ते कोणत्या प्रकाशात झाले आणि मापन कोणत्या प्रकाशात झाले, वाचनयंत्राची विभेदनक्षमता, आणि अंतिम आकड्याची अनिश्चितता. या पाच बाबींना अर्ध्या पानाहून अधिक जागा लागत नाही. त्या नसतील, तर मार्गदर्शकाने प्रबंधावर स्वाक्षरी करण्यापूर्वी आणि परीक्षकाने निबंध स्वीकारण्यापूर्वी त्या मागवून घ्याव्यात.

त्यांपैकी तिसरी बाब सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे व तीच निर्णायक आहे. लक्समीटर, सिलिकॉन संवेदक व सौरघट यांच्या वर चर्चिलेल्या बहुतेक चुका सदोष उपकरणामुळे होत नाहीत. एका प्रकाशासाठी वा एका जोडणीसाठी खरा असलेला गुणक दुसरीकडे नेल्यामुळे होतात. उपकरण विकत घेता येते. त्याची मर्यादा ओळखणे मात्र शिकवावे लागते आणि ते काम महाविद्यालयाखेरीज अन्य कोणाकडे सोपवता येण्यासारखे नाही.